पॅनेल मजला सांगतं, घर सांगत नाही

आमच्या इमारतीत ज्याचं तोंड कोणालाच बघायचं नसतं आणि तरीही जो रोज प्रत्येकाच्या तोंडी असतो, असा माणूस एकच. तो तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत राहतो. आम्ही त्याला भोंगा म्हणतो, अर्थात पाठीमागे. समोर सगळे 'मिस्त्री' म्हणतात. समोर भोंगा म्हणायला छाती लागते, आणि ती या इमारतीत फक्त माझ्याकडे आहे. तीसुद्धा त्याला ऐकू जाणार नाही इतका तो लांब गेल्यावर.

आपल्याला हे नाव पडलंय हे त्याला ठाऊक आहे. धंद्यावरून पडलं, अशी त्याची समजूत. आग लागली की बोंब ठोकणारी यंत्रणा बसवणं आणि ती सांभाळणं हा त्याचा धंदा. पण नाव पडलंय ते आवाजावरून. तो खाली बायकोला "मीठ कुठंय" म्हणाला की चौथ्या मजल्यावरची माणसं मीठ शोधायला लागतात. अंगाने वाळलेल्या काटकीसारखा. आयुष्यभर छताकडे बघून मान अशी मागे पडलीये की माणसांशी बोलतानाही तो नाकाच्या शेंड्यावरून बघतोय असं वाटतं. वाटतं कशाला, तसाच बघतो.

लॉबीत मीटरच्या खोलीशेजारी भिंतीवर एक लाल पत्र्याचा डबा आहे. ते पॅनेल. ते त्याने एकट्याने बसवलं. तेव्हा इमारत नवी होती आणि आमच्या भिंतींना नुकताच रंग लावलेला होता. त्याने माझ्या बाहेरच्या खोलीत ड्रिल चालवलं, सगळा चुना माझ्या सोफ्यावर पाडला आणि वर मलाच म्हणाला, "सोफा इथे ठेवायची काय गरज होती?" आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी.

त्याची कामाची पद्धत मात्र मी तेव्हापासून बघत आलेय, कारण जिथे कोणी काम करत असेल तिथे मी उभी राहून बघते. प्रत्येक मजल्याला वायरीची एक जोडी. ती पॅनेलमधून निघते, घराघरांतल्या छतावर धूर हुंगणारे वाटीएवढे डिटेक्टर बसवलेत त्यांना भेटत भेटत पुढे जाते आणि मजल्यावरच्या शेवटच्या डिटेक्टरपाशी संपते. तिथे, अगदी टोकाला, तो एक दाण्याएवढा रेझिस्टर लावतो. पॅनेल त्या वायरीतून सतत बारीकसा करंट सोडत असतं. तो टोकापर्यंत सुखरूप पोचतोय तोवर सगळं ठीक. मध्ये कुठे वायर तुटली, कोणी डिटेक्टर उपटला, की पॅनेलवर पिवळा दिवा. आणि धूर लागून एखाद्या डिटेक्टरने जास्त करंट ओढला की त्या मजल्याचा लाल दिवा, आणि सगळ्या जिन्यातले भोंगे एकदम. वीज गेली तर डब्याच्या तळाशी दोन बॅटऱ्या आहेत. त्या तो मुलांसारख्या जपतो. मुलं त्याला नाहीत, म्हणून बॅटऱ्यांचं फावलं.

आता यातली मेख लक्षात घ्या, कारण आमच्या इमारतीतली सगळी भांडणं या मेखेतून निघतात. हे जुन्या पद्धतीचं पॅनेल आहे. त्याला मजला कळतो, घर कळत नाही. तिसऱ्या मजल्याचा लाल दिवा लागला म्हणजे तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी धूर झाला, एवढंच. चार घरांपैकी कोणाचं दूध करपलं, कोणी कागद जाळले, हे शोधायला माणूस लागतो. ज्या डिटेक्टरला धूर लागला त्याच्या पोटातही एक बारका लाल दिवा लागतो. तो बघायला घरात शिरावं लागतं. आणि खाली कोणी घाईने रिसेट दाबलं तर तो दिवा विझतो, मग कोण चोर कोण साव, काही पत्ता नाही. म्हणून पॅनेलची किल्ली भोंग्याच्या गळ्यात. आधी भोंगे गप्प करायचे, मग वर जाऊन दिवा शोधायचा, रिसेट सगळ्यात शेवटी. ही खोली त्याला भाड्याऐवजी मिळालीये ती याच कामासाठी: कधीही वाजलं तरी तो हजर पाहिजे.

तो तुमच्या घरात शिरतो म्हणजे कसा शिरतो? बेल वाजवत नाही. दार ठोकतो. चपला काढत नाही. आत आला की दार लावून घेतो आणि मान वर करून सगळ्या खोल्या फिरतो. एकदा आमच्याकडे असाच आला. आमचे हे मागच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते, निदान मला तसं वाटत होतं. भोंग्याने छताकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"साहेब, सिगारेट."

"मी सोडली," हे म्हणाले.

"तुम्ही सोडली. डिटेक्टरने धरली."

मला नवऱ्याचं व्यसन परत सुरू झाल्याचं पॅनेलमुळे कळलं. त्यानंतर घरात काय झालं तो वेगळा विषय आहे. पण भोंगा बाहेर पडला, उरलेल्या तीन घरांतही तेवढाच वेळ दार लावून बसून आला आणि मग जिन्यात उभा राहून ओरडला, "तिसरा मजला. माणसं राहतात की कोळसे पाडता?" घराचं नाव नाही घेतलं. कधीच घेत नाही. चांगुलपणा वगैरे समजू नका. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, "एकाला शिव्या दिल्या तर बाकीचे तीन फुकट सुटतात. का सोडू?"

त्यामुळे झालं काय, की प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बोट दाखवतं. आमच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई आणि समोरचा कॅशियर यांच्यात याच गोष्टीवरून बोलणं बंद आहे. बाईंना खात्री आहे की कॅशियर संडासात बिड्या ओढतो. कॅशियरला खात्री आहे की बाई मुलांना शिकवताना कढई विसरतात. आणि मी दोघांच्याही दारात उभी राहून "काहीतरी वास येतो बाई" म्हणते. मला चांगला वेळ जातो.

भोंग्याला यातलं काहीच नको असतं. त्याला फक्त लोकांनी डिटेक्टरवर पिशव्या बांधू नयेत एवढं हवं असतं. पण लोक बांधतात. प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड, की झालं. खाली पॅनेल हिरवं आणि वर तुम्ही खुशाल घर पेटवा. सगळ्यात जास्त पिशव्या सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणजे चौथ्या मजल्यावरचे निवृत्त साहेब. ऑफिसातला शिपाई हाताशी राहिला नाही म्हणून आम्हाला वापरतात.

"माझ्या घरातलं छत माझं आहे, मिस्त्री," ते एकदा म्हणाले.

"छत तुमचं. धूर सगळ्यांचा," भोंगा म्हणाला आणि स्टुलावर चढून त्याने पिशवी टरकन फाडली. फाडलेली पिशवी साहेबांच्या हातात दिली. कचरा उचलायचं काम त्याचं नव्हतं.

त्या दिवसापासून सेक्रेटरी संधी शोधत होते. ती त्यांना एका दुपारी मिळाली. त्यांचं शेजारचं रिकामं घर विकायचं होतं आणि एक कुटुंब बघायला आलं होतं. सेक्रेटरी त्यांना खिडकी उघडून दाखवत होते, किती शांत जागा आहे ते. नेमका त्याच वेळी भोंग्याने महिन्याची चाचणी घेतली. जिन्यातल्या काचेच्या पेटीत किल्ली घालून खट्. सगळे भोंगे एकदम. ते कुटुंब जिना असं उतरलं की त्यांच्यातल्या आजीबाई सगळ्यांच्या पुढे होत्या.

"तुम्ही मुद्दाम केलंत," सेक्रेटरी खाली येऊन म्हणाले.

"काल जिन्यात ओरडून सांगितलं होतं. गिऱ्हाईक तुम्ही मुद्दाम आज आणलंत."

"ही खोली सोसायटीची आहे, हे लक्षात आहे ना?"

"पॅनेलही सोसायटीचं आहे. तेवढंच लक्षात ठेवा."

सेक्रेटरींनी ते नीट लक्षात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवं पॅनेल घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी ज्या माणसाला बोलावलं त्याच्याहून वाईट माणूस शहरभर शोधूनही सापडला नसता. त्यांनी भोंग्याच्या साडूला बोलावलं.

साडूची कथा सांगायलाच हवी. हे दोघे पूर्वी एकत्र काम करायचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साडू हुशार, गोड बोलणारा, शर्ट कायम इस्त्रीचा. एका मोठ्या गोदामाचं काम दोघांनी मिळून घेतलं होतं. गोदाम लांबच लांब, वायरीची टोकं पार पलीकडच्या भिंतीला, उंच छतावर. साडूला शिडी घेऊन तिथवर जायचा कंटाळा आला. त्याने सगळे रेझिस्टर टोकाला न लावता पॅनेलच्या डब्यातच लावून टाकले. पॅनेलला वाटतं टोक इथेच आहे. हिरवा दिवा. बाहेर वायर उंदराने खाल्ली काय आणि चोराने कापून नेली काय, डब्याला पत्ता लागणार नाही. मालक काम ताब्यात घ्यायला आला तेव्हा भोंग्याने सगळ्यांसमोर झाकण उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. एकांतात सांगता आलं असतं. साडूला बाजूला घेता आलं असतं. पण हा माणूस बाजूला घेणाऱ्यातला नाही.

साडूचं ते काम गेलं. मग त्याने स्वतःचं दुकान काढलं, आणि ते चाललं. आता त्याच्याकडे माणसं आहेत, गाडी आहे, दुकानावर दोन रिकाम्या खोल्या आहेत. आणि त्याने निरोप पाठवून ठेवलाय, बायकोमार्फत: साडूभाऊंना केव्हाही या म्हणावं, वरच्या खोल्यांत राहा, माझ्या हाताखाली काम करा. हाताखाली हा शब्द मुद्दाम घातलेला.

म्हणजे बघा, जिन्याखालची खोली गेली तर भोंग्याला जायला जागा एकच होती, आणि ती साडूच्या डोक्यावर असली तरी साडूच्या हाताखाली होती. तो मला एकदा म्हणाला होता, "रस्त्यावर बसेन, पण त्याच्या शिडीला हात लावणार नाही." गंमत म्हणून नाही म्हणाला. त्याला गंमत करता येत नाही.

पण वहिनींचं, म्हणजे भोंग्याच्या बायकोचं, मत वेगळं होतं. त्या रोज दुपारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून बहिणीशी फोनवर बोलायच्या. मी तिथून जात असे. काही वेळा दोनदा जात असे. "अगं, इथे दिवसभर डोक्यावरून माणसं चालतात," त्या म्हणायच्या. "एक खोली. तीच निजायची, तीच रांधायची. याचं काय जातंय, हा दिवसभर छताला टांगलेला. तुमच्याकडे निदान उजेड तरी आहे." मग आवाज खाली. आवाज खाली गेला की मी चप्पल नीट करायला वाकते, पण साडू येणार होता त्याच्या आदल्या दिवशी तरीही शेवटचं ऐकू आलं नाही.

साडू जुन्या पॅनेलची तपासणी करायला आला. सेक्रेटरींना दाखवायचं होतं की ते निकामी झालंय, म्हणजे नवं घ्यायला कोणी नाही म्हणणार नाही. साडूने लांब काठीच्या टोकाला नकली धुराच्या फवाऱ्याची बाटली लावली आणि मजल्यामागून मजला घेतला. आम्ही सगळे मागोमाग. भोंगा खाली पॅनेलपाशी हाताची घडी घालून उभा.

प्रत्येक डिटेक्टर वाजला. एकही चुकला नाही. साडूने तिसऱ्या मजल्यावर टोकाचा डिटेक्टर उघडून बघितला, रेझिस्टर आपल्या जागी होता. त्याने मुख्य वीज बंद केली, बॅटऱ्यांवर भोंगे वाजवले, तेही वाजले. सेक्रेटरींचा चेहरा उतरत चालला.

"झालं का समाधान?" भोंगा खालून म्हणाला. "का अजून एखादा उंदीर सोडायचाय?"

"तळमजला राहिलाय, साडूभाऊ," साडू म्हणाला.

लॉबीतला वाजला. मीटरच्या खोलीतला वाजला. मग साडू जिन्याखालच्या खोलीच्या दारात गेला. मी त्याच्या खांद्यावरून आत बघितलं आणि मला एक गोष्ट दिसली. खोलीतला एकुलता एक स्टूल आधीच बरोबर डिटेक्टरखाली ठेवलेला होता, वर फडकंही मारलेलं होतं. वहिनी शेगडीपाशी उभ्या होत्या आणि कोणाकडेच बघत नव्हत्या.

साडूने फवारणी केली. काही नाही. परत केली. खोलीत ढग झाला, आम्ही खोकलो, पॅनेल हिरवं ते हिरवंच. साडू स्टुलावर चढला, डिटेक्टर फिरवून काढला. नुसतं टरफल. आत काही नाही. आणि वर छताला पक्क्या केलेल्या बैठकीच्या चकतीत, जिथे डिटेक्टर काढला की वायर तुटून पिवळा दिवा लागायला हवा, तिथे वायरीचा एक बोटभर तुकडा टाकून दोन टोकं जोडलेली. पॅनेलला वाटावं सगळं जागच्या जागी आहे.

लोकांच्या पिशव्या फाडणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात ही पिशवी बांधली होती, फक्त कोणाला दिसणार नाही अशी. एकाच खोलीत शेगडी आणि डिटेक्टर. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला जिन्यातले भोंगे वाजणार. त्याने बायकोला शेगडी बंद ठेव म्हणण्याऐवजी डिटेक्टर बंद ठेवला. हा त्याने आयुष्यात केलेला बहुतेक एकच नवरेपणा, आणि तोच त्याच्या गळ्याशी आला.

साडूने तो वायरीचा तुकडा दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. अगदी सावकाश.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या डब्यातला दाणा दिसतो तुम्हाला. हा नाही दिसला?"

भोंगा आत आला. त्याने वायरीकडे बघितलं, मग स्टुलाकडे, मग बायकोकडे. तो बोलला नाही हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

"खोली रिकामी करायची तयारी ठेवा," सेक्रेटरी म्हणाले. "रविवारच्या सभेत ठराव करून टाकू."

रविवारी लॉबीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. भोंगा खुर्चीवर बसला नाही, जिन्याच्या पायरीवर बसला. वहिनींनी खोलीचं दार लोटून घेतलं होतं, पण फटीतून आवाज येत होता: भांडी एकात एक घालून ठेवण्याचा.

साडूने टेबलावर नवं पॅनेल मांडलं. देखणं होतं, नाही म्हणणार नाही. पांढरा डबा, मधोमध पडदा. तो सांगायला उभा राहिला आणि मधासारखा बोलू लागला. "याला प्रत्येक डिटेक्टरचं वेगळं नाव देता येतं. धूर झाला की नुसता मजला नाही, घर आणि खोली पडद्यावर लिहून येते. शोधाशोध नाही. कोणाच्या घरात शिरायला नको. मग इथे चोवीस तास बसायला माणूसही नको."

सेक्रेटरींनी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली. चपला घालून घरात शिरणारा माणूस जाणार, यात कोणाला वाईट वाटायचं?

मला मात्र एक प्रश्न सुचला. मला सुचतात.

"भाऊ," मी म्हणाले, "हा पडदा कुठे असणार?"

"इथेच, लॉबीत. येता-जाता सगळ्यांना दिसेल असा."

"म्हणजे समजा तिसरा मजला, अमक्याचं घर, मागची खोली, असं लिहून येणार?"

"अगदी बरोबर, ताई."

"आणि मग पुसता येतं का ते?"

"छे, पुसतंय कोण," साडू खुशीत म्हणाला. "सगळं साठवून राहतं. मागच्या वर्षी कोणाच्या घरात किती वेळा झालं तेही बटण दाबलं की समोर. तोच तर फायदा आहे."

माझ्या शेजारी आमचे हे एकदम ताठ बसले. कॅशियरने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. शिकवणीवाल्या बाईंनी पदर सारखा केला. मी एकेक चेहरा बघत होते आणि प्रत्येक चेहरा आपापल्या घराची मागची खोली बघत होता.

पहिल्यांदा तोंड उघडलं ते सेक्रेटरींच्या बायकोने. ही बाई सभेत कधी बोलत नाही.

"आत्ताच्या पॅनेलमध्ये तसं वाईट काय आहे?" ती म्हणाली.

सेक्रेटरींनी तिच्याकडे असं बघितलं की जणू त्यांची खुर्चीच बोलली. मग त्यांच्या लक्षात काहीतरी आलं असावं, कारण त्यांनी मान फिरवली आणि पुढे बायकोकडे बघितलंच नाही. त्यांच्या घरात कोण काय ओढतं किंवा जाळतं हे मला अजून कळलेलं नाही, पण कळेल.

"तेच म्हणतो मी," कॅशियर म्हणाला. "चालू वस्तू का टाकायची?"

"सगळे डिटेक्टर वाजले की परवा," शिकवणीवाल्या बाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्या कॅशियरच्या बाजूने बोलल्या, आणि लगेच तोंड वाकडं केलं.

नव्या पॅनेलला हात वर करा म्हटलं तर एकही हात वर झाला नाही. साडूच्या चेहऱ्यावरचं हसू इस्त्रीसारखं कडक झालं.

पण सेक्रेटरी हरायला तयार नव्हते. "ठीक आहे, पॅनेल जुनं राहू दे," ते म्हणाले. "मिस्त्री मात्र जातील. ज्याने स्वतःच्या घरात फसवणूक केली त्याच्यावर विश्वास कसला? किल्ली मी ठेवतो."

"तुम्ही?" कॅशियर म्हणाला. "म्हणजे वाजलं की तुम्ही आमच्या घरात शिरून खोल्या बघणार?"

"मग तुम्ही ठेवा."

"यांच्याकडे?" शिकवणीवाल्या बाई उभ्याच राहिल्या. "हा माणूस माझ्या घराचा उंबरा ओलांडणार असेल तर मी जळून मेलेली बरी."

"बाईंकडे द्या मग," मागून कोणीतरी म्हणालं.

"बाईंकडे दिली तर उद्या शिकवणीतल्या प्रत्येक पोराच्या आईला कळेल माझ्या घरात काय शिजतं," कॅशियर म्हणाला.

"हवं तर मी ठेवते," मी म्हणाले.

त्या दिवशी सबंध सभेत इमारतीचं एकमत फक्त या एका गोष्टीवर झालं. सगळे एकदम नको म्हणाले. आमचे हे सगळ्यांत मोठ्याने.

साडूने एकदा म्हणून बघितलं की आपल्या दुकानातून माणूस पाठवता येईल. पण तो येईपर्यंत भोंगे वाजत राहणार, हे कळल्यावर तोही विषय संपला. प्रत्येकाने प्रत्येकाकडे बघितलं आणि प्रत्येकाला कळलं की आपल्या बंद दारामागे येऊ द्यावा असा माणूस या लॉबीत कोणी नाही. फक्त एक होता, ज्याचा सगळ्यांना सारखाच राग होता आणि ज्याला आमच्यापैकी कोणाशीच काही घेणंदेणं नव्हतं.

"मिस्त्रीच राहू देत," कॅशियर कडू औषध घेतल्यासारखा म्हणाला.

कोणी हो म्हणालं नाही. कोणी नाहीही म्हणालं नाही. सेक्रेटरींनी तेवढी एक अट घातली: खोलीतला डिटेक्टर आत्ताच्या आत्ता खरा बसवायचा, तोही साडूने, सगळ्यांसमोर. आणि परत कोणी उघडला तर कळावं म्हणून त्यावर सोसायटीचा शिक्का मारलेला कागद चिकटवायचा.

भोंगा पायरीवरून उठला. मला वाटलं, आता दोन शब्द बोलेल.

"उद्या सकाळी पिशव्या काढायला येतोय," तो म्हणाला. "ज्यांच्या असतील त्यांनी आधीच काढून ठेवा. फाडलेल्या पिशव्या उचलायला मला वाकायला सांगू नका."

मग माझ्यासमोर थांबला. "तुम्ही बोललात म्हणून राहिलो, असं काही मनात आणू नका."

"मी माझ्या नवऱ्यासाठी बोलले."

"बरं झालं. आभार मानावे लागतात की काय म्हणून बघत होतो."

साडू स्टुलावर चढला. त्याने नवा डिटेक्टर बैठकीत बसवला, फिरवला, शिक्का चिकटवला. भोंगा खाली उभा राहून बघत होता.

"वायरीची टोकं नीट आवळ," तो म्हणाला. "नाहीतर डब्यातच लावून टाकशील."

"टोकं घट्ट आहेत," साडू उतरत म्हणाला. "तुमच्या घरातली सैल वायर दुसरीच आहे, साडूभाऊ. तिला मी हात लावू शकत नाही."

वहिनी एकात एक घातलेली भांडी परत बाहेर काढत होत्या. एकेक भांडं फळीवर आपटत होत्या. मधेच एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इतकी वर्षं लोकांच्या नजरा वाचते. ती वाचायला काही कष्ट पडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भोंगा चौथ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या पिशव्यांशी भांडत असतानाच सगळे भोंगे वाजले. आम्ही सगळे दारं उघडून खाली धावलो. पॅनेलवर तळमजल्याचा लाल दिवा. तळमजल्यावर राहतं घर एकच आहे, त्यामुळे शोधायचं काही नव्हतं.

जिन्याखालच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. शेगडी मोठ्या आचेवर आणि कढईत कांदा काळा ठिक्कर पडत होता. वहिनी हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या आणि तो हलवत नव्हत्या. धूर थेट वर, शिक्क्याच्या कागदाकडे चालला होता.

"वहिनी, गॅस बारीक करा," मी कानांवर हात ठेवून ओरडले.

"का?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. "मी निघाले होते. मला इथे राहायला तुम्ही लावलंत ना? मग ऐका. संध्याकाळीही मी स्वयंपाक करते."

भोंगा धापा टाकत खाली आला. त्याने खोलीत बघितलं, मग किल्ली लावून भोंगे गप्प केले. रिसेट दाबून उपयोग नव्हता. धूर असेपर्यंत ते परत वाजणारच, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. म्हणून तो धूर निघून जायची वाट बघत पॅनेलपाशी उभा राहिला. वहिनींनी करपलेला कांदा ताटलीत काढला आणि दुसरा चिरायला घेतला.